जीपचा टप : कापडी की पक्का?

 

आज आम्ही जीपविषयी बोलणार आहोत. पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. शनिवार-रविवारी राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत थार, जुन्या जीप आणि जिप्सी आपण रोज पाहतो. आता आपल्या घरांतली मुलंही म्हणू लागली आहेत, घ्यायची तर थार, आणि तीही कापडी टपाची. एवढे पैसे देऊन गाडी घ्यायची आणि वर कापड का, असं आई विचारते. मुलगा म्हणतो, आई, तुला नाही कळणार. तर आज ते कळून घेऊ.

आपण गाडीच्या छताला टप म्हणतो, काही जण हूड म्हणतात. जीपचा कापडी टप म्हणजे लोखंडी कमानींवर ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास किंवा रेक्झिनसारखं कापड. बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या, त्यांना चेन, बटणं आणि पट्टे. मन झालं की काढायचा, पाऊस आला की लावायचा. रिक्षाचा हूड आपल्या ओळखीचा आहेच, हा त्याचाच मोठा भाऊ.

हा टप आला लढाईतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी तशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. कापडी टपामुळे गाडी हलकी राहायची. टप काढून समोरची काच पुढे आडवी केली की ती ठेंगणी व्हायची आणि लांबून पटकन दिसायची नाही. लढाई संपल्यावर महिंद्रा कंपनीने १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे हीच जीप सरकारी साहेबांच्या दौऱ्याला, पोलिसांना आणि खेडोपाडी प्रवासी वाहतुकीला आली. लग्नाची वरात, निवडणुकीची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन, सगळीकडे टप काढलेली जीप असायची. म्हणून उघडी जीप दिसली की आपल्याला सणासुदीची आठवण होते.

मालक लोकांचा या टपावर इतका जीव का, याचा आम्ही विचार केला. एक तर उघड्या गाडीत वारा लागतो, झाडं दिसतात, मातीचा वास येतो. वाडीतून जाताना वरची केळीची पानं आणि माडाच्या झावळ्या दिसतात. ही मजा खरी आहे, आणि ती बायकांनाही आवडते. ताडोबाच्या जंगलात वाघ बघायला लोक जातात ते उघड्या जिप्सीतूनच. तिथे आसपासच्या गावांतल्या बाया गाईड म्हणून काम करतात, पर्यटकांना जंगल दाखवतात.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. कापडी टप माणसाच्या हातात राहतो. फाटला तर शिवता येतो, बटण गेलं तर नवीन लावता येतं, जुना झाला तर नवा टाकता येतो. त्याला कंपनीचा मेकॅनिक लागत नाही, कुशनचं काम करणारा कारागीर लागतो. हल्लीच्या गाडीत बिघाड झाला की कॉम्प्युटर लावून बघतात. अशा काळात ज्या एका गोष्टीला आपला हात लागू शकतो, तिच्यावर माणसाचा जीव बसतो. आपल्याला जुनं पायाने चालवायचं शिलाई मशीन सोडवत नाही, ते याच कारणाने.

आता कंपन्या काय करतात ते बघू. महिंद्राची थार २०१० मध्ये आली, तेव्हा ती कापडी टपाचीच होती. कितीतरी मालकांनी बाहेरून पक्के टप बसवून घेतले. २०२० मध्ये थार पूर्ण नवी करून आणली. त्यात तीन प्रकार दिले : पक्का टप, न उघडणारा कापडी टप आणि मागे दुमडता येणारा कापडी टप. पण जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी स्वस्त थार आली, तिची सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार होती, आणि ती आली फक्त पक्क्या टपात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. तिलाही पक्काच टप, आकाश बघायचं तर छतात काच. मारुतीची जिप्सी १९८५ च्या शेवटी आली होती, कापडी टपामुळेच लोकांच्या लक्षात राहिली. ती सामान्य लोकांना विकणं बंद झालं, आणि २०२३ मध्ये तिच्या जागी जी जिम्नी आली तिचा टप पक्का आहे. म्हणजे गाडी जसजशी कुटुंबाची होत चालली, तसतसं कापड जात चाललं. जुने मालक यावर हळहळतात. त्यांना वाटतं, टप गेला म्हणजे जीपपण गेलं.

पण कंपन्यांनी हे उगाच केलेलं नाही. पक्क्या टपाच्या गाडीत एसी नीट लागतो, आवाज कमी येतो, धूळ आत येत नाही, कुलूप लावून निर्धास्त जाता येतं. कापडी टप ब्लेडने कापून आतली पर्स कोणीही नेऊ शकतं. घरातल्या चार माणसांना लांबच्या प्रवासाला न्यायचं असेल तर या गोष्टी लागतातच.

मैत्रिणींनो, आता आपल्या बाजूने बघू. वसईचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. जूनमध्ये सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत घरातले कपडे वाळत नाहीत. त्यात ओला टप गुंडाळून ठेवला तर चार दिवसांत बुरशी धरतो आणि त्याला कुबट वास सुटतो. मग तो धुणार कोण, वाळत घालणार कोण? हौस एकाची आणि काम दुसरीचं असं आपल्या घरांत बऱ्याच बाबतींत होतं. म्हणून टप घरात येण्याआधीच ठरवून घ्या, ज्याची हौस त्याने धुवायचा.

धुवायचा कसा, तेही सांगतो. साधं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश घ्यायचा. ब्लीचिंग किंवा कडक पावडर वापरायची नाही, कापडाच्या वरचा पाणी न धरणारा थर निघून जातो. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. प्लॅस्टिकच्या खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात, म्हणून आधी पाणी ओतायचं. घडी घालताना खिडक्यांच्या मध्ये जुनी सुती चादर ठेवायची. आपल्याकडे खारा वारा आहे, बटणं आणि चेन लवकर गंजतात. ती गोड्या पाण्याने पुसायची, आणि चेनवर मेणबत्ती घासायची. आपण पर्सच्या अडकलेल्या चेनला करतो तेच.

गटातल्या शिवणकाम करणाऱ्या बायांसाठीही इथे थोडं काम आहे. पूर्ण टप शिवायला जाड कापडाचं मोठं मशीन लागतं, घरचं मशीन ते ओढत नाही, आणि उगाच ओढायला लावलं तर मशीन बिघडतं. पण टपाच्या खिडक्या ठेवायच्या कप्प्याकप्प्यांच्या पिशव्या, सीटची सुती कव्हरं, सामानाच्या पिशव्या, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. बाहेर वापरायच्या वस्तूला पॉलिस्टरचा दोरा वापरा, सुती दोरा पावसात कुजतो. आधी एका गाडीचं माप घेऊन एकच नमुना करा, मालकाला दाखवा, मगच कापड जास्त आणा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कापडी टप ऊन-पावसापासून वाचवतो, अपघातापासून वाचवत नाही. गाडी उलटली तर माणसाला वाचवतो तो आतला जाड लोखंडी सांगाडा आणि सीटबेल्ट. २०२० च्या थारमध्ये असा सांगाडा कंपनीतूनच बसवलेला आला, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत त्या गाडीला ४ तारे मिळाले. थार रॉक्सला भारत एनकॅपचे ५ तारे मिळाले आहेत. जुन्या जीपमध्ये मात्र कितीतरी वेळा नुसत्या टप धरणाऱ्या पातळ कमानी असतात. त्या कमानी म्हणजे सांगाडा नव्हे. जुनी जीप घ्यायला निघालेल्या मुलाला हा फरक विचारा.

जुन्या जीपमध्ये मागे समोरासमोर बाकं असतात. त्यावर बायका आणि मुलंच बसतात, पुढची सीट पुरुषांना जाते. आडव्या बाकावर बसलेल्या माणसाला जोराचा ब्रेक लागला तर पुढे तोंड करून बेल्ट लावलेल्या माणसाइतकं संरक्षण मिळत नाही. टप काढलेला असेल तर माणूस बाहेरही फेकला जातो. म्हणून उघड्या जीपमध्ये लहान मुलांना उभं राहू देऊ नका, मांडीवर घेऊन बसू नका. छताच्या काचेतून डोकं बाहेर काढून उभं राहणंही तितकंच वाईट. सीटबेल्ट न लावल्यास किंवा १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्टशिवाय बसवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे. पण दंडाच्या भीतीने नको, आपल्या लेकरासाठी लावा.

आणखी एक. कापडी टप काढून बाहेरून पक्का बसवायचा, किंवा गाडीचं रूप बदलायचं, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्या. मोटार वाहन कायद्यात कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाप्रमाणे बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. दुकानदार म्हणतो सगळे करतात. पण उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने या बदलावरून हात वर केले, तर दुकानदार येणार नाही.

आता पैशांचं बोलू, कारण सही आपलीही असते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या गाडीच्या कर्जाला बँक कधी कधी घरच्या बाईला सहकर्जदार करते. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सोळा हजारांच्या वर जातो. सात वर्षांत साडेतेरा लाख भरावे लागतात. म्हणजे साडेतीन लाख नुसतं व्याज. जिची सही आहे तिने टपाविषयी विचारलं तर त्यात वावगं काय?

म्हणून सहीच्या आधी घरात बसून पाच प्रश्न विचारा. गाडी रोज कोण वापरणार, आणि पावसाळ्यात ती उभी कुठे करणार? भाजी, फुलं किंवा सामान न्यायचं असेल तर ते कापडाखाली सुरक्षित राहील का? म्हातारी माणसं आणि मुलं कुठे बसणार, त्यांना बेल्ट आहे का? टप काढला तर तो ठेवायला घरात कोरडी जागा आहे का? आणि हौसेचा टप हवाच असेल तर तो कंपनीतूनच मिळतो का, की बाहेरून करावा लागेल?

या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर कापडी टप ठरला, तर खुशाल घ्या. सगळ्या हौसा मोडीत काढायच्या असं आम्ही म्हणत नाही. आपणही आकाश बघायला मोकळ्या आहोत. डिसेंबरच्या थंडीत, बेल्ट लावून, टप काढलेल्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून अर्नाळ्यापर्यंत जाऊन या. पण निवडीच्या वेळी तुम्हाला विचारलं गेलं पाहिजे, आणि नको असेल तर नको म्हणता आलं पाहिजे.

तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या आणि प्रत्येकीला वाचून दाखवा. गाडी घ्यायची नसली तरी चालेल. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, घराचं छप्पर, काहीही मोठं घेताना ते उपयोगी पडतील. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.