विमानाचें सुकाणूं आणि वैमानिकाचा पाय

अलिबागच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्या चालत असत, त्या काळीं वारा आडवा आणि जोराचा असला म्हणजे होडीचें तोंड आपोआप वाऱ्याकडे वळूं पाही. तांडेलाला सुकाणूचा दांडा सारखा दाबून धरावा लागे व त्याचा हात भरून येई. शहाणा तांडेल मात्र झगडत न बसतां शीड थोडें सैल करी.

एका इंजिनाच्या विमानांतही हाच प्रकार घडतो; तेथें हाताच्या जागीं पाय असतो एवढेंच. वैमानिकाच्या आसनावरून पाहतां पंखा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत असेल, तर चढतांना विमानाचें नाक डावीकडे ओढतें. पंख्यानें मागें फेकलेली हवा पीळ घेत शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते. शिवाय नाक वर असतां पंख्याचें उजवीकडून खालीं येणारें पातें अधिक ओढ देतें. म्हणून उजवा पाय दाबून ठेवणें प्राप्त होतें. इंजिनाचा जोर कमी करून उतरतांना हीच गोष्ट उलट होते.

कारखान्यांतील विमानाबाबत याचा निर्णय कारखानदार करतो. घरीं विमान बांधणाऱ्यानें तो स्वतःच करावयाचा. असे गृहस्थ महाराष्ट्रांत आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीच्या चारकोप भागांतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली आणि २०२० सालीं धुळ्यास तें उडालें. गच्चीवर विमान उभें करणाऱ्याच्या चिकाटीविषयीं वेगळें सांगणें नको! पण अशा प्रत्येक बांधणाऱ्यापुढें पायाचा हा प्रश्न उभा राहतोच.

सर्वांत साधा उपाय म्हणजे सुकाणूच्या मागील कडेस पत्र्याची लहानशी पट्टी बसविणें. ती डावीकडे वाकविली कीं हवेचा दाब तिला, आणि तिच्यासह सुकाणूलाही, उजवीकडे ढकलतो. पट्टी स्वस्त आहे, हलकी आहे, खिळखिळी होत नाहीं. परंतु ती एकाच वेगाला जुळते. उडत असतां वैमानिकाला फिरवितां येईल अशी पट्टी हवी, तर बिजागरी, तारा आणि चाक आलें. त्यांतलें कांहीं वजन शेपटींत पडतें व तोल मागें सरकतो. बिजागरींत थोडा ढिलेपणा राहिला तर वेगांत पट्टी फडफडूं लागते, आणि ती फडफड शेपूट मोडण्यापर्यंत जाऊं शकते. पायाच्या शिणासाठीं एवढें संकट ओढवून घेणें शहाणपणाचें नव्हे.

तेव्हां आधीं साधी पट्टी बसवावी. नेहमींच्या वेगानें सरळ जात असतां पाय सोडून द्यावेत व वक्र नळींतील गोळी मध्यावर राहते कीं नाहीं तें पाहावें. न राहिल्यास खालीं उतरून पट्टी किंचित् वाकवावी, आणि पुन्हां उडावें. चढण पांच-दहा मिनिटांची असेल तर पाय तेवढें सोसतो. इंजिन दांडगें व प्रवास लांबचे असतील, तर पायांच्या पट्ट्यांना जोडलेली, ताण कमीजास्त करतां येणारी स्प्रिंग बरी. तिचें ओझें शेपटीवर पडत नाहीं. मात्र पायानें केव्हांही मोडून काढतां येईल इतकाच तिचा ताण असावा.