आधी आपण शिकायचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. शाळेच्या कामात मला जे शिकावे लागले, तेवढेच सांगते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांतून व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या जागा बायकांच्या. दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात. अशा समितीची मी अध्यक्षा झाले आणि, खरे सांगते, थोडी फुगलेच.

एके दिवशी वीटभट्टीवरची एक बाई मुलीचा हात धरून शाळेच्या दारात आली. मुख्याध्यापकांना विचारण्याआधीच मी म्हटले, "जन्माचा दाखला आण, मग बघू." ती मुकाट्याने परत गेली. दाखला ही नुसती सबब. ती मळकट पोर आमच्या मुलींशेजारी बसू नये, हेच माझ्या मनात होते.

पुढे समितीचे प्रशिक्षण झाले. तिथे कळले की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. उशिरा आलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवून जादा शिकवायचे असते. माझी मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेले, तर ते बिऱ्हाड हलले होते. ती पोर पुन्हा दिसली नाही.

तेव्हापासून भट्ट्या पेटल्या की आम्ही तिघीचौघी तिकडे जातो. सभा संध्याकाळी ठेवतो. मजुरी बुडवून कोण येणार? पहिल्याच सभेत एक आई दाराशी बसून म्हणाली, "आमच्या पोरांना जेवाया शेवटी बसवत्यात." ती पंगत मी रोज पाहत होते, पण मला ते दिसले नव्हते! आता मुले हजेरीच्या क्रमाने बसतात.

भगिनींनो, 1848 साली पुण्यात मुलींना शिकवण्याआधी सावित्रीबाई स्वतः शिकल्या. कारभार हाती घेणाऱ्या बाईनेही आधी शिकावे, आणि ज्यांना आपण दाराबाहेर ठेवले त्यांच्याकडूनच शिकावे. यंदा मंडळातल्या दोघींनी तरी समितीवर जावे. आणि आपल्या हळदीकुंकवाला भट्टीवरच्या बायकांना आजवर बोलावणे गेलेले नाही. ते यंदा द्यायचे, हे आजच ठरवू या.