लेकरांचा रविवारचा वर्ग मोडू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही प्राध्यापक नाही. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत तीस वर्षं गेली. तरी उभा राहिलो, कारण मागच्या बैठकीत विषय निघाला की रविवारचा गाण्या-नाटकाचा वर्ग बंद करून त्या वेळात गणित-इंग्रजीची शिकवणी ठेवावी. शिकवणीला माझा विरोध नाही. पण हा वर्ग मोडून नको.

माझंच सांगतो. सातवीला शाळा सुटली तेव्हा मी अडखळत वाचायचो. पुढं भीमगीतांची एक पुस्तिका हाती आली. गाणी तोंडपाठच होती. तोंडानं म्हणायचं आणि ओळीवरून बोट फिरवायचं, असं करता करता जोडाक्षरं उमगली. बाबासाहेबांचे ग्रंथ त्यानंतर हाती धरले.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत गिरणीत राबले. एकानं पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना, त्याची लाज वाटून मोठेपणी अक्षरं शिकले. त्याच माणसाच्या गाण्यांतून, ज्या घरात एक पुस्तक नव्हतं तिथं बाबासाहेब पोहोचले.

कुणी म्हणेल, नाटक म्हणजे करमणूक. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद. तिथं १९५५ साली म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' नाटक विद्यार्थ्यांनी केलं आणि बघायला खुद्द बाबासाहेब होते. परीक्षा त्याही पोरांना होत्या की!

आता आपल्या वस्तीचं बघा. कितीतरी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. परत आली की वर्गात मागं बसतात, तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षी अशीच एक पोरगी नाटकात सावित्रीमाई झाली. आधी नाव विचारलं तरी ओढणी चावायची. भाषण पाठ करायचं म्हणून ती वाचायला लागली. कुणी छडी उगारली नव्हती. आणि अंगावर शेण पडल्यावर सावित्रीमाईच्या मनात काय आलं असेल, ते ती आपल्या मनानं रचून बोलली. आम्ही तेवढं लिहून दिलंच नव्हतं. तिची आई खाली बसून रडत होती.

तेव्हा शिकवणी शनिवारी ठेवा. हंगामात मला रात्रपाळी असते, तरी रविवारी चार वाजता हॉल उघडायला मी येतो. ढोलकी एका बाजूनं फुटलीय, ती मढवून आणायचा खर्च माझ्याकडं लागला.

जयभीम.