केमोथेरपी आणि ताकाचा पेला

चंदनसारहून विरार स्टेशन गाठायचं, तिथून लोकलने दादर आणि पुढे परळचं टाटा मेमोरियल. केमोथेरपीसाठी एवढा प्रवास करणाऱ्याला मोठी धास्ती असते ती जुलाबांची. ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि आतड्याचं अस्तर अशाच पेशींचं असतं.

इरिनोटेकॅन या औषधाची गोष्ट तर चक्रावणारी. यकृत त्याला निष्प्रभ करून आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू आपल्या विकरांनी ते पुन्हा जागं करतात. म्हणजे त्रास किती होणार, यात पोटातल्या जिवाणूंचाही हात असतो! म्हणूनच लॅक्टोबॅसिलससारख्या उपकारक जिवाणूंचे प्रयोग जगभर झाले. ओटीपोटाच्या कर्करोगात रेडिएशन घेणाऱ्यांचे जुलाब त्यांनी कमी होऊ शकतात, असे पुरावे आहेत. निव्वळ केमोथेरपीबाबत ते अजून तोकडे आहेत.

मग घरचं ताक? पचायला हलकं, खरंच. पण त्यात कोणते जिवाणू किती, हे रोज बदलतं. शिवाय बऱ्याच औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. तेव्हा एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूही, क्वचित का होईना, रक्तात शिरून संसर्ग करतात. शेजारच्या काकूंनी कितीही मायेने तांब्याभर ताक पाठवलं, तरी आधी डॉक्टरांना विचारा. जुलाब लागले तर ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना कळवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करा.