प्रकाशाचें त्रैराशिक



साठी उलटल्यावर मुलानें मला मोठा कॅमेरा दिला आणि मास्तर पुनः विद्यार्थी झाला! पहिलें छायाचित्र मीं माझ्या वृद्ध आक्कांचें घेतलें. चुन्याची भिंत, शुभ्र लुगडें. परंतु चित्रांत सारेंच राखाडी उमटलें. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम उजळ आहे असें धरून चालतो. म्हणून पांढऱ्यासही तो काळवंडवितो.

मग मीं त्रैराशिक मांडलें. छिद्र एफ ५.६ वरून एफ ४ केलें, पडद्याचा वेळ १/१२५ सेकंदावरून १/६० केला, अथवा आयएसओ १०० चा २०० केला, तर कोणत्याही एका उपायानें चित्र सुमारें दुप्पट उजळतें. मात्र छिद्र वाढल्यास मागील भाग धूसर होतो, वेळ वाढल्यास हालचाल फांसटते, आयएसओ वाढल्यास दाणे दिसूं लागतात.

आक्कांचे हात कांपत; मागें केवळ भिंत होती. म्हणून मीं छिद्रच वाढविलें. लुगडें शुभ्र आलें.

आज आक्का नाहींत. तें चित्र आहे. यंत्राचा सल्ला अवश्य घ्यावा. पण समोर कोण बसलें आहे हें त्यास ठाऊक नसतें, आपणांस असतें.