परवाना कुणाच्या नावावर?

(परळी वैजनाथ येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, भाकरी थापायची आहे. इथं परळीत माझी लहानशी खानावळ आहे. थर्मलवर कामाला येणारे, राखेच्या टिप्परवरचे ड्रायव्हर, वैद्यनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं जेवायला येतात. चार भांड्यांवर सुरू केली होती. खानावळीचा परवाना माझ्या नावावर आहे. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी धाकटे भावजी फाइल घेऊन घरी आले. म्हणाले, "वहिनी, इथं इथं सह्या करा. खानावळ जरा मोठी करू."

मी विचारलं, "मोठी म्हणजे काय?"

"परमिट रूम काढायचं. जेवण तुमचंच राहील."

आमचे मालक खाली बघत होते. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

मी म्हणलं, "वाचून सांगते." भावजी हसले. मी सातवी शिकलेली. पण मुलगी बारावीला होती. रात्री भांडी आवरून आम्ही दोघी फाइल घेऊन बसलो. ज्या शब्दावर अडलो तो वहीत लिहिला आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकीलबाईंना विचारला. त्यातून जे कळलं ते सांगते.

दारूच्या परवान्याचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्याला जागेचा उतारा किंवा भाडेकरार लागतो, नकाशा लागतो, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. आणि परमिट रूमला खाण्याच्या जागेचा परवानाही लागतो. म्हणजे माझा! भावजींना माझी माया आली नव्हती. माझ्या भाकरीच्या कागदावर त्यांची बाटली उभी राहणार होती.

दुसरी गोष्ट. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. गल्ल्यावर दुसरा माणूस बसवायचा तर त्याचा नोकरनामा घ्यावा लागतो. तरीही वेळ संपल्यावर विकली, कोवळ्या पोराला दिली, तर जाब परवानाधारकाला. आपल्या राज्यात बियर आणि वाइनला 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूला 25. आमच्याकडं जेवायला येणारी निम्मी पोरं पंचविशीच्या आतली. गल्ला भावजींचा आणि गुन्हा माझा, असा तो हिशेब होता.

तिसरी गोष्ट फीची. दर वर्षी 31 मार्चला परवान्याची मुदत संपते आणि नूतनीकरणाची फी भरावी लागते. धंदा झाला नाही म्हणून ती सुटत नाही. फी भरून निघायची तर पाजावीच लागते. जेवण करून उठणाऱ्या माणसाला "अजून एक घ्या" म्हणावं लागतं. मी आजवर "अजून एक घ्या" फक्त भाकरीला म्हणलं आहे.

आणि गंमत बघा. ज्या कायद्याखाली हे परवाने मिळतात तो 1949 चा, आणि त्याचं नाव आहे दारूबंदी कायदा! त्या कायद्यानं पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तुमच्यापैकी कुणाच्या नवऱ्याच्या खिशात तो बघितला आहे? मारहाणीच्या रात्री कुणी विचारला आहे?

मी सही केली नाही. टाळ्या वाजवू नका, कारण पुढचं सोपं नव्हतं. घरात दोन महिने अबोला होता. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी दारात आली होती, हिनं हाकलली." डोक्यावर कर्ज होतं, मुलीच्या फीचा प्रश्न होता. रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, चुकलं का आपलं? आणि वर्षाच्या आत आमच्या गल्लीपासून थोड्याच अंतरावर दुसरं परमिट रूम उघडलं. तेही एका बाईच्या नावावर. माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली. मालक म्हणाले, "काय मिळवलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं शोधते आहे. दारू थांबली नाही, हे खरं. पण माझं नाव त्या पाटीवर नाही. आणि मुलीनं त्या रात्री एक गोष्ट शिकली, की आईची सही घरातल्या पुरुषांची मालमत्ता नाही.

त्या दुसऱ्या बाईला मी नावं ठेवत नाही. तिला कुणी कागद वाचून दाखवला का? आपल्याकडं शेत बाईच्या नावावर नसतं, घर नसतं. पण अडचणीचा धंदा असला की बाईचं नाव आठवतं. झोपडीत हातभट्टी लावणाऱ्या विधवेलाही नावं ठेवताना थांबा. तिच्यावर धाड पडते, तिची भांडी फुटतात. पक्क्या इमारतीतल्या दुकानाला सलाम मिळतो. दारू दोन्हीकडं तीच संसार मोडते. माझी आजी सांगायची, निजामाच्या राज्यात शिंदीच्या दुकानांचा लिलाव व्हायचा. सरकारच्या तिजोरीत पैसा, ठेकेदाराच्या घरी पैसा आणि आमच्या चुलीत राख. राज्य बदललं, फॉर्म बदलला.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून दोन गोष्टी सांगते.

पहिली, अर्ज आला तेव्हाच जाग्या व्हा. जागेची तपासणी होते, देवळापासून, शाळेपासून अंतर मोजलं जातं. ते कुठून कुठं मोजलं, हे तिथं उभं राहून बघा. हरकत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. दुकान उघडल्यावर बंद करणं दहापट अवघड आहे.

दुसरी गोष्ट आडव्या बाटलीची. 2008 च्या सरकारी आदेशानं गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण निम्म्याहून जास्त मतं आडवी पडावी लागतात, आणि ती आलेल्या बायांच्या नाही, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. जी आली नाही, ती दारूच्या बाजूनं मोजली जाते. आता आपल्या बीड जिल्ह्याचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. मतदान हिवाळ्यात लागलं तर आपण मोजणीआधीच हरलो. ज्या बाईनं फडात नवऱ्याचा मार खाल्ला, तिचंच मत दुकान वाचवणार! म्हणून मागणी अशा बेतानं करा की मतदानाच्या दिवशी टोळ्या घरी असतील. तारीख दूर गेली तर लेखी हरकत घ्या.

शेवटी एवढंच. घरात कुणी फाइल आणली आणि "इथं सही कर" म्हणलं, तर "वाचून सांगते" म्हणा. वाचता येत नसेल तर "वाचून घेते" म्हणा. माझ्या खानावळीत या, आपण मिळून वाचू. चहा माझ्याकडून.