शालेय ग्रंथालय : एका लेखिकेचा शोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा संपादित अंश)



अनेक वर्षे मी एका शाळेत ग्रंथपाल होते. ग्रंथालयाची थोरवी आपण जाणताच. म्हणून मी केवळ एक अनुभव सांगते.

‘एक लेखिका आणि तिचा काळ’ या प्रकल्पासाठी नववीतील एक विद्यार्थिनी ताराबाई शिंदे यांचे नाव घेऊन आली. संगणकावरून उतरवलेले अर्धे पान तिच्या हाती होते. ती म्हणाली, “बाई, यांचे एकच पुस्तक आहे आणि चरित्रही फारसे मिळत नाही. दुसरी लेखिका घेऊ का?” मी म्हटले, “लेखिका राहू दे. आधी शेजारची कपाटे उघड.”

‘स्त्रीपुरुषतुलना’ची पुनर्मुद्रित प्रत आमच्याकडे होती. प्रथम तिला मुखपृष्ठामागची माहिती आणि प्रस्तावना वाचायला सांगितली. लेखिका वऱ्हाडातील बुलढाण्याची, पुस्तक 1882 साली पुण्यात छापलेले आणि लेखनाचे निमित्त मात्र सुरतेचे! हा मेळ कसा बसावा, हाच तिचा पहिला प्रश्न ठरला.

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. त्यांना ताराबाईंनी दिलेले उत्तर म्हणजे हे पुस्तक. मग विद्यार्थिनीने इतिहासाचे कपाट उघडले. विधवाविवाहाला कायद्याने 1856 मध्येच मान्यता दिली होती, समाजाने मात्र दिली नव्हती. म्हणूनच 1863 मध्ये फुले दांपत्याला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. या दोन सालांमधून तिला विजयालक्ष्मीची कोंडी उमगली.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे, हे कळताच ती महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाकडे वळली. 1885 च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतलेली तिला आढळली, तेव्हा तो ग्रंथ उघडाच हातात धरून ती माझ्याकडे धावत आली. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ही 1882 चेच, हे तिने स्वतः हेरले. एकाच वर्षी एक विदुषी स्त्रियांना आचरणाचा उपदेश करते आणि दुसरी पुरुषांनाच जाब विचारते! अर्ध्या पानाची वही आता भरून गेली होती.

मित्रहो, ज्या व्यक्तीविषयी नोंदी थोड्या, तिचा काळ वाचावा लागतो. आणि तो एका पुस्तकात नव्हे, शेजारशेजारच्या पुस्तकांत सापडतो.

आता एक कबुली देते. फुल्यांचा तो ग्रंथ आदल्या वर्षीच्या निर्लेखनाच्या यादीत होता. संगणक कक्षासाठी जागा हवी होती आणि ग्रंथाच्या तारीखपट्टीवर कित्येक वर्षांत एकही शिक्का नव्हता. यादी मीच केली होती. रद्दीवाला ठरल्या दिवशी आला नाही, एवढ्याच कारणाने तो ग्रंथ वाचला. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहताना मला मनोमन लाज वाटली.

ताराबाईंचे पुस्तकही असेच विस्मरणात गेले होते. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधल्या त्र्याण्णव वर्षांत कोणीच प्रत जपली नसती, तर त्यांनी तरी काय छापले असते?

म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. संगणक अवश्य असावेत. फाटकी, कालबाह्य पुस्तकेही जरूर काढावीत. परंतु केवळ तारीखपट्टी पाहून कोणत्याही ग्रंथाचा निकाल लावू नये. आठवड्यातून एक तास तरी कपाटांची कुलपे काढून मुलांना मोकळेपणी पुस्तके हाताळू द्यावीत. वर्षानुवर्षे कोणी न मागितलेले पुस्तक उद्या कोणती मुलगी मागेल, हे आपल्याला आज ठाऊक नसते.